दोन खोक्यांमधली जागा

भावोजी,

तुमची स्पीकरची खोकी आता माझ्याकडे आहेत. बाहेरच्या खोलीत लावलीत, तुम्ही सांगायचात तशीच. भिंतीपासून वीतभर पुढे, दोघांत सहा फूट अंतर, तोंडं किंचित आत वळवलेली. मी त्यांवर सकाळच्या बातम्या ऐकते. बातम्या देणारी मुलगी बरोबर मधोमध उभी राहते, जिथे काहीही नाही तिथे. आणि मी, भौतिकशास्त्र घेऊन पदवीधर झालेली बाई, स्वयंपाकघरात जाताना सरळ न जाता सोफ्याला वळसा घालून जाते. ही खोड तुमची. ती मला लावून गेलात, याबद्दल मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही.

पत्र तुम्हाला लिहितेय, पण वाचणार दुसरेच. त्यामुळे तुम्हाला पाठ असलेल्या गोष्टीही सांगाव्या लागतील. कंटाळू नका. तुम्हाला जाऊन चौदा महिने झाले, तुम्हाला कसली घाई नाही. तसे तुम्ही जिवंतपणीही कधी कुणाचं बोलणं मधेच तोडलं नाहीत. आपल्या घरात ते काम माझ्याकडे होतं.

मी या घरात आले तेव्हा माझा हा धाकटा दीर अकरावीत होता आणि पंख्याखाली रेडिओ उघडून बसला होता. मी विचारलं, बिघडलाय का? तुम्ही मान वर न करता म्हणालात, नाही, उत्तम चालतोय, म्हणून तर बघतोय. मी तेव्हाच ओळखलं की हा मुलगा पैसा मिळवणार नाही.

पुढे वीज कंपनीत चिकटलात. मीटर तपासायच्या खोलीत छत्तीस वर्षं. मी एकदा डबा द्यायला आले होते, ती खोली अजून डोळ्यांसमोर आहे. लांबच लांब टेबल, त्यावर ओळीने मांडलेले वीस-वीस मीटर, सगळ्यांच्या चकत्या गरागरा फिरताहेत, आणि तुम्ही हातात घड्याळ घेऊन एकेकाचा वेग मोजताय. हळू फिरणारा मीटर घरमालकाला आवडतो, भरभर फिरणारा कंपनीला, दोघांनाही नाराज करायचा मला पगार मिळतो, असं तुम्ही म्हणायचात. तपासून झालेल्या मीटरवर तुम्ही ब्रशने एक लाल ठिपका द्यायचात. तुमचा ठिपका असला की साहेबसुद्धा तो मीटर पुन्हा तपासायला लावत नसत. तुम्हाला या गोष्टीचा अभिमान होता. होताच, नाही म्हणू नका.

आणि घरी आल्यावर खोकी. आम्ही वरच्या मजल्यावर, तुम्ही दोघं खाली, आणि खालची मागची खोली तुमच्या भंगाराची. भंगारवाल्याकडून जुन्या टीव्हीतले, फुटक्या म्युझिक सिस्टिममधले स्पीकर पिशवी भरून आणायचात आणि प्लायवूडच्या खोक्यांत बसवून लोकांना द्यायचात. खर्च निघाला की खूश. गल्लीतल्या शिंप्याला धडाम्धूम बास हवा होता. तुम्ही त्याला शांतपणे सांगितलंत, छातीत धडधडायला हवं असेल तर दोनदा जिना चढत जा, स्वस्तात पडेल. खोक्यावर छापलेले वॅट दाखवून तो हुज्जत घालायला लागला, तेव्हा म्हणालात, "अहो, ते वॅट म्हणजे जाहिरातीतल्या बाईचे केस. तिच्याकडे असतात. बाटली आणली म्हणून आपल्या घरी येत नाहीत."

स्पीकर निवडायची तुमची रीत मी इतक्या वेळा पाहिली की आता मलाही येते. कागदी कोनावर दोन्ही अंगठे ठेवायचे, अलगद आत दाबायचं आणि कान जवळ न्यायचा. आत खरखर झाली तर परत पिशवीत. वूफर, म्हणजे जाड आवाजाचा स्पीकर, मोठा नको, पाच इंचाचा पुरे, पण असा हवा की आवाज उंच जायला लागला की तो आपणहून दमला पाहिजे, कर्कश व्हायला नको. असा सापडला की त्याला आवरायला वेगळी कॉइल लागत नाही. तो सरळ जोडायचा. बारीक आवाजाच्या ट्वीटरच्या वाटेत मात्र एक कपॅसिटर ठेवायचा. जाड आवाज तो दारातच अडवतो, बारीक तेवढे आत सोडतो. ट्वीटर फार बडबड्या निघाला तर त्याच्याआधी एक लहानसा रेझिस्टन्स. झाला तुमचा क्रॉसओव्हर, दोघांत आवाज वाटून देणारा.

मी म्हटलं, एवढंच? आमच्या पुस्तकात पानभर आकृती होती.

"वहिनी," तुम्ही म्हणालात, "दोन माणसं मुळात समजूतदार निवडली की मध्यस्थ एक पुरतो."

आणि जोडी जुळवण्याचं तुमचं वेड. दहा ट्वीटर असले तर दहाही मोजायचात, एकेकाला तोच सूर ऐकवायचात, आणि त्यांतून अगदी एकसारखे दोन काढायचात. मी विचारलं, थोडा फरक राहिला तर काय आकाश कोसळतंय? तर म्हणे, माणूस मग मधे उभा राहत नाही, एका बाजूला कलतो. तेव्हा मला वाटलं, यांच्या बोलण्याची तऱ्हा. कुठला माणूस, हे मी विचारलं नाही.

पुढे तो माणूस म्हणजे तुमची बायको ठरली, माझी जाऊ. ती टायपिंगच्या क्लासात लघुलेखन शिकवायची. तिचा आवाज गोड वगैरे मुळीच नव्हता. स्वच्छ होता. धुऊन, पिळून, एकेक वेगळा वाळत घातल्यासारखे शब्द. मिनिटाला ऐंशी शब्द म्हणजे ऐंशी, एकोणऐंशी नाही. परीक्षेच्या सरावासाठी क्लासाला एक कॅसेट हवी होती, म्हणून एका गुरुवारी दुपारी तिने मागच्या खोलीत दार लोटून व्यापारी पत्रं वाचली. महोदय, आपले बारा तारखेचे पत्र पोचले. माल मिळाला, परंतु तीन पेट्या फुटलेल्या आढळल्या. अशी अकरा पत्रं. बारावं अर्धवट राहिलं. अर्धवट म्हणून क्लासाने दुसरीकडून कॅसेट आणली आणि ही घरी परत आली.

त्यानंतर सात महिन्यांनी ती गेली. आजार कळेपर्यंत बरंचसं संपलेलं होतं. तिचे फोटो होते, साड्या होत्या, चष्मे दोन होते. आवाज म्हणाल तर तेवढी एक कॅसेट. तेव्हा कोण कुणाचा आवाज जपून ठेवत होतं.

वर्षभराने तुम्ही स्वतःसाठी खोकी करायला घेतलीत. आयुष्यात पहिल्यांदाच. लोकांना देताना चार दिवसांत हातावेगळी करायचात, या जोडीला तीन महिने लावलेत. भंगारातून सोळा वूफर आणलेत, दोन निवडलेत. मी विचारलं, यावर गाणी कुठली लावणार? तुम्ही म्हणालात, गाणी नाही. तिचा आवाज खोलीत नीट उभा राहायला हवा. बस, एवढंच हवं. एवढं सांगून पुन्हा पॉलिशपेपर घासायला लागलात. मी वर आले आणि बराच वेळ भांडी उगाच विसळत राहिले.

खोकी झाली त्या दिवशी मला हाक मारलीत. कॅसेट लावलीत, आणि मला मधल्या खुर्चीवर बसवलंत. भावोजी, खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला आणि तो कौतुकाचा नव्हता. शब्द सगळे कळत होते, पण ती कुठेच नव्हती. आवाज पातळ, पोकळ, कधी डाव्या कानामागून, कधी छतातून. मान वळवली की पळायचा. घरात आहे, पण आत यायला वाट सापडत नाही, असं काहीतरी.

तुम्हालाही ते कळत होतं, तुमचा चेहरा उतरला होता. मग तीन आठवडे तुम्ही कपॅसिटर बदलत होता. खोक्यात कापूस भरत होता, काढत होता. मी जाता-येता म्हणत होते की एकाच्या तारा उलट जोडल्या असतील. एका खोक्याचा कोन पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, आणि दोन्हींत जे सारखं असतं, म्हणजे मधला माणूस, तोच पुसला जातो. हे मला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतं. तुम्ही ऐकून घेत नव्हता.

"खूण माझ्या हातची आहे, वहिनी," एवढंच म्हणायचात.

खूण म्हणजे पुन्हा तो लाल ठिपका. प्रत्येक स्पीकरच्या योग्य टोकाला तुम्ही ठिपका दिला होता, आणि या जोडीसाठी ब्रश बुडवला होता तिच्या उरलेल्या नेलपॉलिशच्या बाटलीत. इतकी वर्षं ज्या ठिपक्यावर कुणी शंका घेतली नव्हती, तो तुम्ही स्वतः कसा पुन्हा तपासणार?

शेवटी माझा पारा चढला. मी टॉर्चमधला सेल काढला, खोक्यांच्या मागे गुडघे टेकून बसले आणि एकेका स्पीकरच्या तारांना सेल टेकवला. एकाचा कोन टक्कन पुढे आला. दुसऱ्याचा आत गेला. मी काही बोलले नाही, माझ्या दृष्टीने हा पराक्रमच होता. तुम्ही तो स्पीकर हातात घेतलात, तिच्या नेलपॉलिशच्या ठिपक्यावर अंगठा फिरवलात, आणि मग तारा बदलल्यात. ठिपका मात्र तसाच ठेवलात. अजून तसाच आहे. चुकीच्या टोकावर.

कॅसेट पुन्हा लावली. खोलीभर सांडलेला आवाज गोळा झाला आणि दोन खोक्यांच्या मधे येऊन बसला. बसला असंच म्हणते, कारण उंची तेवढीच होती, खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या तोंडाइतकी. महोदय, आपले बारा तारखेचे पत्र पोचले. तिने श्वास घेतलेला ऐकू आला. ओठ मिटले तेही ऐकू आलं. मधे एक स्टूल होतं, त्यावर तुमचा पक्कड-पान्हा पडला होता. तुम्ही उठलात, ते स्टूल आवाज न करता उचललंत आणि कोपऱ्यात नेऊन ठेवलंत.

"तिला लागेल," म्हणालात.

त्या दिवसापासून त्या सहा फुटांतून कुणी गेलं नाही. मी एकदा झाडू घेऊन सरळ गेले, तर तुम्ही खुर्चीतून अर्धे उठलात आणि हळूच म्हणालात, वहिनी, तिकडून नको. शिंप्याने एकदा मापाची टेप शोधताना तिथे पाय ठेवला तेव्हा मीच त्याच्यावर खेकसले. त्याला वाटलं, फरशी ओली आहे.

नियम तुम्हीच घातलात. दर गुरुवारी, म्हणजे तुमच्या सुट्टीच्या दिवशी, चार वाजता, एकदाच. जास्त वाजवली की टेप झिजते. मीही अधूनमधून येऊन बसायची. अकरा पत्रं व्हायची, बाराव्याची चार वाक्यं व्हायची, मग आत कागद उलटल्याची बारीक सळसळ व्हायची आणि त्याच क्षणी तुमचं बोट बटणावर पडायचं. अठरा वर्षांत ते बोट कधी आधी पडलं नाही, कधी नंतर पडलं नाही. मला वाटायचं, पुढे कोरी टेप असेल.

मग तुम्ही निवृत्त झालात, दोन-चार वर्षं बरी गेली, आणि एके दिवशी म्हणालात की तिचा स गेला. मला कळेना. तुम्ही म्हणालात, स, श, त, सगळे दबलेत, तोंडावर रुमाल धरून बोलल्यासारखी बोलतेय. मी ऐकलं, मला काही फरक वाटला नाही. तुम्ही ट्वीटरआधीचा रेझिस्टन्स निम्मा केलात. पंधरा दिवसांनी काढूनच टाकलात. मग कपॅसिटर मोठा घातलात. गुरुवारचा नियम मोडला. बदल केला की ऐकून बघायला हवं, आणि ऐकायचं तर तीच कॅसेट. दिवसातून तीनदा, पाचदा. मला वरच्या मजल्यावर तिचा स सुईसारखा टोचायला लागला. ती पत्र्याची झाली होती, भावोजी. आणि तुम्ही समोर बसून म्हणत होता, अजून दबकीच आहे.

एका दुपारी मी खाली आले तर तुम्ही कॅसेट-डेकचं झाकण उघडून कापसाचा बोळा फिरवत होता. बोळा तपकिरी झाला होता. मी विचारलं, हे काय? टेपवरचा लेप आहे, थोडा थोडा निघतोच, असं म्हणालात. कचऱ्याचा डबा तुमच्या पायाशीच होता. तुम्ही त्या बोळ्याची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलीत.

मी सांगितलं, कान तपासून घ्या. आडून नाही, सरळ सांगितलं. तुम्ही चिडलाही नाहीत. म्हणालात, "वहिनी, घड्याळ बरोबर आहे असं धरूनच मीटर तपासतात. दोन्हींवर शंका घेतली तर काम व्हायचं कसं?" आणि पुन्हा सोल्डर तापवायला लागलात. पहिल्यांदा ठिपका, आता कान. तुमचं तेच. तुमच्यासारखा काटेकोर माणूसच अशी चूक करू शकतो, गबाळ्याला ती जमणार नाही.

आणि मग तो गुरुवार. मी शेजारी बसले होते. अकरा पत्रं झाली. बारावं सुरू झालं. तरी कृपया आपण फुटलेल्या पेट्यांची पाहणी करण्यासाठी आपला माणूस. कागदाची सळसळ झाली, मला स्पष्ट ऐकू आली. तुमचं बोट बटणावर होतं, पण पडलं नाही. तुम्ही सळसळीची वाट बघत होता. ती होऊन गेली होती.

टेप पुढे गेली. दार ढकलल्याचा आवाज आला. आणि तिच्या मागून, तिच्यापासून दोन-तीन पावलांवरून, एक बाई खेकसली. "झालं की नाही तुझं? एक पत्र वाचायला तास लागतो का? पडद्याचं दुकान बंद होईल, ऊठ आता." मग ती, माझी जाऊ, जवळून, शांतपणे म्हणाली, "आले ताई. एवढं एकच पत्र राहिलंय." मग पुन्हा ती दुसरी बाई. "राहू दे. उद्या वाच." आणि खट्.

ती दुसरी बाई म्हणजे मी. माईक एकच होता, त्यामुळे मीही तिथेच होते, त्याच सहा फुटांत, तिच्या पाठीशी उभी. मी खुर्चीवर बसून स्वतःला तिच्या मागे उभी असलेली ऐकत होते. ती गेली होती आणि मी होते, पण त्या जागेत आम्हा दोघींत काही फरक नव्हता. आम्ही त्या दिवशी पडद्याचं कापड पसंत न करताच परत आलो होतो, हेही मला तेव्हाच आठवलं.

तुमच्याकडे बघायचा धीर मला कितीतरी वेळ झाला नाही. बघितलं तर तुमचं बोट अजून बटणावर, चेहरा तसाच, कान पुढे केलेला. तुम्हाला काही ऐकू आल्याचं निदान चेहऱ्यावर दिसत नव्हतं. बऱ्याच वेळाने तुम्ही म्हणालात, कागद उलटल्याचं आज आलं नाही, नाही का? टेपच गेली बहुतेक.

म्हणजे अठरा वर्षं तुम्ही ते बटण माझ्यासाठी दाबत होता. मी खोलीत नसतानाही दाबत होता का, ते मला माहीत नाही. माझी लाज राखत होता, की माझा तो आवाज तुम्हाला नकोसा होता, तेही माहीत नाही. दुसरं असेल तर मी तुम्हाला दोष देणार नाही. तिचं सातच महिन्यांचं आयुष्य उरलं होतं आणि मला पडदे घ्यायचे होते.

दोन दिवसांनी तुम्ही कॅसेट रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिलीत. टेप संपत चाललीय, आहे तोवर कॉपी करून आणा, मोठ्या रस्त्यावर एक जण कॅसेटची कॉम्प्युटरवर कॉपी करून देतो. तुमचे गुडघे गेलेले, म्हणून मी. दारापर्यंत पोचवायला आलात आणि म्हणालात, "वहिनी, घाई करू नका."

जवळजवळ पन्नास वर्षांत तुम्ही मला कधी असं म्हणाला नव्हता. तुमच्या मनात काही असो वा नसो, ते वाक्य मी दुकानापर्यंत नेलं.

दुकानदार चांगला होता, कामाला पक्का. कानांवर हेडफोन चढवून त्याने सुरुवात ऐकली, मग टेप पुढे पळवून शेवट ऐकला. हेडफोन एका कानावरून सरकवून म्हणाला, बाई सुंदर वाचतात. शेवटी मागून कुणीतरी ओरडतंय. "तेवढं उडवून देऊ का? पत्र तसंही अर्धवटच आहे." माझा आवाज त्याच्या कानात होता आणि मी त्याच्यासमोर उभी होते, तरी त्याला ओळखू आलं नाही. वीसेक वर्षांत आवाज बदलतो. किंवा मी त्याच्याशी फार हळू बोलत असेन.

हो म्हणणं सोपं होतं. पण माझं बोलणं काढलं असतं तर त्याच्या आतलं तिचं वाक्यही गेलं असतं. आले ताई, एवढं एकच पत्र राहिलंय. त्या सगळ्या कॅसेटमध्ये तेवढं एकच वाक्य तिचं स्वतःचं आहे. बाकी सगळं पेट्या फोडणाऱ्या व्यापाऱ्यांचं. आणि ठेवा म्हणावं, तर मी तिथे कायमची उभी राहणार, तिच्या मागे, झालं की नाही तुझं म्हणत, तुमच्या बटणाच्या भरवशावर. मी म्हटलं, विचारून सांगते. कॅसेट परत घेतली, रुमालात गुंडाळली, पर्समध्ये ठेवली.

विचारायचं तुम्हाला होतं. घरी येऊन मी सांगितलं, दुकान बंद होतं. पुढच्या आठवड्यात सांगितलं, त्याचं मशीन बिघडलंय. आयुष्यभर लोकांना तोंडावर बोलत आले, त्या बाईने दोन महिन्यांत तुम्हाला चार थापा मारल्या. तुम्ही एकदाही घाई केली नाहीत.

शेवटच्या गुरुवारी चार वाजता मी सहज खाली आले. अँप्लिफायरचा दिवा लागलेला. डेकचं झाकण उघडं, आत काही नाही. आणि तुम्ही तुमच्या खुर्चीत, नेहमीसारखे, मान जराशी पुढे. मला हाताने बसा म्हणून खूण केलीत. मी बसले. खोक्यांतून नुसती बारीक घरघर येत होती, मुद्दाम कान दिला तरच कळेल अशी. अर्धा तास आपण दोघं ते ऐकत होतो. मधे एकदा तुम्ही माझ्याकडे झुकून विचारलंत, "आता स नीट येतोय ना?"

मी हो म्हटलं.

तुम्ही समाधानाने मान डोलावलीत. पुढेही ऐकत राहिलात. आणि मग, घड्याळात बघितलं नाहीत, माझ्याकडे बघितलं नाहीत, हात पुढे केलात आणि रिकाम्या डेकचं बटण दाबलंत. कागदाची सळसळ जिथे व्हायची, बरोबर तिथे. मग म्हणालात, "वहिनी, दुकानाचं काय झालं?"

तेव्हा विचारता आलं असतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी म्हटलं, येत्या गुरुवारी नक्की जाऊन येते.

तुम्ही बुधवारी गेलात.

ते दुकान बंद होऊन तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. दुसरं एक सापडलंय, जरा लांब आहे, दोनदा जिन्यापर्यंत जाऊन आले. तो मुलगाही तेच विचारणार, शेवटचं ठेवायचं की काढायचं. कॅसेट माझ्या पर्समध्येच आहे, तुमच्या रुमालात. गुरुवारी जाऊन येते म्हटलं होतं तुम्हाला. गेलेली नाही.